मिस्त्रींनी सरळ केलेला पाट

विमान चालवणाऱ्याला लोक हार घालतात. ते विमान उडण्याजोगं ठेवणाऱ्याला लोक विचारतात, "चाकात हवा तुम्हीच भरता काय?" उभ्या नोकरीत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला की पुढेपुढे मी "हो, हवाच भरतो" म्हणून मोकळा व्हायचो. आमचे सासरे धामणगाव रेल्वे या गावी कापसाच्या जिनात होते. लग्न ठरवायला आले तेव्हा मी त्यांना पंखाचा कोन म्हणजे काय, तो किती बारकाईने बसवावा लागतो, हे चांगलं अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "थे सारं ठीक हाये, पन हवा कोन भरते?" मुलगी दिली, पण शंका मनात ठेवूनच दिली.

आता संपादकांचं पत्र आलं आहे की नोकरीतलं काही थरारक लिहा. त्यांना वादळ, आग, हवाई छत्री असलं काहीतरी हवं असणार. माझ्यापाशी त्यातलं काही नाही. माझ्यापाशी आहे एक लाकडी पाट, ज्वारीचं एक पोतं, अकोल्याचे एक सुतार आणि पुण्याचे एक वैमानिक. एवढ्यावर वाचकांनी भागवून घ्यावं.

मी विमानाकडे आलो तो आरशाच्या वाटेने. अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी सहायक होतो. छप्पन साली आमच्या घराने दीक्षा घेतली आणि त्याच साली मला ती नोकरी लागली, त्यामुळे वडिलांना दोन्ही गोष्टी एकदमच सांगायची सवय होती. माझं काम म्हणजे टेबलावर आरसा उभा करायचा, टाचण्या मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या. प्रकाशाचा किरण आरशावर येऊन पडतो तो किती तिरपा पडतो, हे मुलांनी कोनमापकाने मोजायचं. त्याला आपाती कोन म्हणतात. हा कोन आरशापासून मोजायचा नसतो. आरशावर एक सरळ उभी रेघ कल्पायची आणि त्या रेघेपासून मोजायचा. दर वर्षी अर्धी मुलं आरशापासून मोजत, उत्तर चुकलं की आरसा खराब आहे म्हणून माझ्याकडे तक्रार करत. मी मोठ्या रुबाबात सांगायचो, "बाबांनो, मोजायच्या आधी कशापासून मोजताय ते पाहत जा." हे वाक्य मी पाच वर्षं सांगितलं. ते मला स्वतःला केव्हा लागू पडलं ते पुढे येईलच.

साठ सालानंतर वऱ्हाडात कपाशीवर विमानातून औषध फवारायला एक कंपनी आली. अकोल्याबाहेरच्या धावपट्टीवर तिने पत्र्याची शेड टाकली. पंख नीट बसवणारा माणूस हवा होता, त्याला रिगर म्हणतात. मुलाखत घेतली कंपनीच्या मोठ्या इंजिनिअरांनी, अय्यर साहेबांनी. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. कोन मोजता येतो का, आणि उंचीची भीती वाटते का. पहिल्याला मी हो म्हटलं. दुसऱ्याला नाही म्हटलं, कारण जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाची उंची ती कितीशी! त्यात बसून वर जावं लागेल असं कोणी सांगितलं नव्हतं.

धंदा थोडक्यात सांगतो. एस.टी.त खिडकीपाशी बसून हात बाहेर काढला असेल तर तुम्हाला तो अर्धा ठाऊकच आहे. अमरावतीहून अचलपूरला जाताना मी तो प्रयोग पुष्कळदा केला आणि कंडक्टरचं बोलणंही पुष्कळदा खाल्लं. तळहात आडवा धरला तर हवा नुसती वरखालून निघून जाते. पुढची कड जराशी उचलली की हात आपोआप वर जातो. फार उचलली की धप्पकन मागे फेकला जातो. सगळं विमान त्या "जराशी"वर उडतं. पंख विमानाच्या अंगाला अगदी समांतर बसवलेला नसतो, पुढची कड किंचित वर ठेवून बसवतात. हा कोन अंगाच्या सरळ रेषेपासून मोजतात. आमच्या विमानाला तो तीन अंशांपेक्षाही कमी होता. पंख पुढे एका खिळीवर टांगलेला आणि मागे एका स्क्रूच्या आधारावर टेकलेला असे. तो स्क्रू फिरवला की मागची कड वरखाली व्हायची.

आता तीन अंशांचा कोन उन्हातान्हात शेडमध्ये मोजायचा कसा? त्यासाठी एक लाकडी फळी असे. इंग्रजीत तिला भारदस्त नाव होतं, आम्ही पाट म्हणायचो. पाटाला खाली दोन पाय, पुढचा लहान आणि मागचा मुद्दाम थोडा लांब. आधी विमानाची शेपटी घोडीवर उचलून अंग आडव्या रेषेत आणायचं, मग पाट पंखावर ठेवायचा. पंख ठरल्याइतका कलता असला की वरची फळी बरोबर आडवी येते. तिच्यावर पाणसळ ठेवली की बुडबुडा मधोमध उभा राहतो. बुडबुडा मध्ये आला, पंख बरोबर. त्याखाली माझी सही. वडील गावात सांगत, "माहा पोरगा इमान सरकं करते." वऱ्हाडात सरकं म्हणजे सरळ. ऐकणाऱ्यांना वाटे की विमानं मुळात वाकडी येतात.

आमचं गिऱ्हाईकही एकेक होतं. बाळापूरकडे दोन भाऊ होते, वाटणीवरून बोलणं बंद. मधे धुरा, म्हणजे बांध, अलीकडे थोरल्याची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पलीकडे धाकट्याची. थोरल्याने फवारा मागवला आणि अट घातली की धुऱ्यापलीकडे एक थेंब जाता कामा नये. वैमानिक कॅप्टन पटवर्धन पुण्याचे. त्यांनी अतिशय शुद्ध भाषेत समजावलं की वाऱ्याला वाटणीपत्र वाचता येत नाही. थोरला म्हणाला, "मंग वारा पडल्यावर या." वारा पडल्यावर गेलो. तरी थोडं औषध पलीकडे गेलंच. दुसऱ्या दिवशी धाकटा शेडवर हजर, तक्रार घेऊन. त्याच्या पिकावर औषध गेलं ही तक्रार नव्हती. गेलं ते कमी गेलं, ही तक्रार होती.

पटवर्धनांविषयी सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्यांचीच आहे. पन्नाशीच्या अलीकडचे, सडपातळ, कपड्यांना इस्त्री, बोलण्यालाही इस्त्री. आमच्या वऱ्हाडी बोलण्याने पहिले आठ दिवस त्यांना वाटत होतं की सगळे आपल्याशी भांडून राहिले आहेत. पण विमानात बसले की माणूस वेगळाच. कपाशीच्या शेंड्यांवरून पुरुषभर उंचीने जायचे आणि धुऱ्यावरची बाभूळ आली की अलगद वर. त्यांच्या हातांकडे पाहत राहावं असे ते हात होते.

त्यांची एक रीत होती आणि ती मला जाचत होती. पंख बसवून झाले की पहिल्या उड्डाणाला, ज्याने सही केली त्याने पुढच्या बैठकीत बसायचं. वैमानिक मागे, सही करणारा पुढे. "तुमच्या सहीवर माझा जीव, तर तुमचाही असू द्या," असं ते हसत म्हणायचे. रीत न्याय्य होती, म्हणूनच मला पटत नव्हती. पहिल्या वेळी माझी दाढ दुखली, दुसऱ्या वेळी पोट बिघडलं, तिसऱ्या वेळी चुलत्यांना मी आजारी पाडलं. चौथ्या वेळी पटवर्धनांनी काही न विचारता ज्वारीचं एक पोतं मागवलं, काट्यावर माझ्या वजनाइतकं भरून घेतलं, त्यावर कोळशाने माझं नाव "वानखडे" लिहिलं आणि पुढच्या बैठकीत पट्ट्याने बांधलं. उतरल्यावर म्हणाले, "वानखडे आज फार गप्प होते हो." तेव्हापासून पोतंच माझ्या जागी जाऊ लागलं. शेडमधले लोक पोत्याला "छोटे वानखडे" म्हणत. मी हसायचो, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडाशी शेड उघडली तर पाटाचा मागचा पाय वाळवीने आतून पोखरलेला. नवा मागवायचा तर मुंबईहून यायला महिना लागणार आणि पऱ्हाटीवर माव्याची कीड तर आलेली. मी तो पाट उचलला आणि जुन्या शहरात सीताराम मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री सत्तरीचे. बैलबंड्या आणि वखर, तिफणी ही शेतीची अवजारं करण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. त्यांच्या कामाला नाव ठेवलेलं कोणी ऐकलं नव्हतं, ठेवायची छातीही नव्हती. मी म्हटलं, "मिस्त्री, अस्साच दुसरा करून द्या. सागाचा." कशासाठी, ते मी सांगितलं नाही. म्हटलं, सुताराला काय सांगायचं विमानशास्त्र!

तिसऱ्या दिवशी पाट तयार होता. तेल पाजून त्यांनी तो असा चकाकवला होता की मी त्याच्याकडे पाहतच राहिलो, आणि जे पाहायचं ते राहून गेलं. जुना पाट त्यांनी चुलीत घातला होता. वाळवी लागलेलं लाकूड घरात ठेवू नये म्हणाले, आणि बरोबरच म्हणाले.

मी पंख बसवायला घेतले. पाट ठेवला, तर बुडबुडा पार एका टोकाला. एरवी दर खेपेला स्क्रूला अर्धा वेढा, फार तर एक, द्यावा लागे. त्या दिवशी मी मागची कड वर घेत घेत सोळा वेढे दिले. सोळा! दहाव्या वेढ्याला कोणत्याही शहाण्या माणसाने थांबून डोकं खाजवलं असतं. मी स्वतःला समजावलं की उन्हाळ्यात लाकूड आकसलं असेल. बाराव्याला वाटलं, मागच्या हंगामातल्या आदळण्याने पंख बसला असेल. सोळाव्याला बुडबुडा मधोमध आला आणि माझं सगळं समाधान झालं. वर दोन, खाली दोन असे चारही पंख तसेच केले, सही ठोकली, छोट्या वानखड्यांना पुढे बांधलं.

पटवर्धन वीस मिनिटांनी उतरले ते घामाने निथळत. म्हणाले, "वानखडे, हे विमान नाक वर करून चालतंय आणि हातातली काठी जरा सैल सोडली की खाली मुंडी घालतंय."

"म्हणजे वर जातंय का खाली?" मी विचारलं.

"वर पाहतंय आणि खाली जातंय!"

शेडमध्ये हशा पिकला. मीही हसलो, आणि हे लिहिताना मला त्याची लाज वाटते आहे. आज मला कळतं की त्यांनी सांगितलं ते अक्षरन् अक्षर खरं होतं. पंख निजले होते, पुढची कड वर राहिलीच नव्हती. त्यांना हवेवर उचल मिळावी म्हणून सबंध विमानाला नाक वर करावं लागत होतं, आणि नाक वर झालं की शेपटीला जास्त हवा लागून ती नाकाला परत खाली दाबत होती. म्हणून पटवर्धनांना उड्डाणभर काठी जीव खाऊन पोटाशी ओढून धरावी लागत होती. पण त्या दिवशी मी पुन्हा पाट ठेवला, बुडबुडा दाखवला आणि म्हटलं, "कॅप्टनसाहेब, मोजमाप बरोबर आहे."

चार दिवस असंच चाललं. वर आलेल्या नाकामुळे त्यांना समोरचं दिसेना. एकदा चाकात बाभळीची डहाळी अडकून आली. अय्यर साहेबांना तार गेली. ते आले, त्यांनी कोट काढून स्वतः पाट ठेवला, पाणसळ ठेवली आणि डोळा बारीक करून पाहिलं. "बोर्ड बोलता है ठीक है, तो ठीक है," ते म्हणाले. मग पटवर्धनांकडे वळून, आवाज न चढवता, "कॅप्टन, आपका हाथ ठीक नहीं है."

त्यांनी वहीत तसं लिहिलंही. वैमानिकाचा हात स्थिर नाही. शनिवारपर्यंत सुधारणा न दिसल्यास परत पाठवावं. पन्नाशीला टेकलेल्या वैमानिकाच्या नावापुढे असं वाक्य लागलं की पुन्हा त्याला कोणी विमान देत नाही.

पटवर्धन भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत, त्यांना ते पटलं! पाट खोटं बोलत नाही, तेव्हा आपलाच हात बिघडला असणार, असा त्यांनी हिशोबी पुणेरी निष्कर्ष काढला आणि हात सुधारायला घेतला. शेडबाहेरच्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकून, दोन गुडघ्यांत छत्री उभी धरून ते तासन् तास बसत. छत्रीच्या मुठीला दोरी, दोरीला वीट. वीट हलू द्यायची नाही. चौकीदाराच्या बायकोने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. त्यांनी तेही करू दिलं, आभार मानले. रोजच्या ओढाताणीने त्यांचं कोपर सुजलं होतं, चहाचा कप बशीत वाजू लागला होता. मग लोक कुजबुजू लागले की कॅप्टन संध्याकाळी घेतात वाटतं. तो माणूस ताकसुद्धा पाणी घालून पिणारा होता.

शुक्रवारी सकाळी सीताराम मिस्त्री विमान पाहायला आले. आपण केलेली वस्तू कुठे लागते ते पाहायची त्यांची सवय होती, वखर दिला तरी तो पहिल्यांदा जमिनीत चालताना पाहायला ते शेतावर जात. धावपट्टीच्या कडेला उकिडवे बसून त्यांनी पान लावलं. पटवर्धन आमच्या डोक्यावरून अगदी कमी उंचीने गेले. मिस्त्रींनी चुना लावता लावता मान वर केली.

"वानखडे भाऊ, याची पास निजली हाये."

पास म्हणजे वखराचं खालचं लोखंडी पातं. मी म्हटलं, "मिस्त्री, हे विमान आहे."

"मले दिसते ना बापा. वखर जमिनीत चालते, हे हवेत चालते. पास निजली का वखर वरवर सरकते, मंग मांगच्या गड्याले दाबून दाबून चालाव लागते. संध्याकाई त्याचे हात पाहून घे, थरथर करतात." त्यांनी पान तोंडात घातलं. "हा वरचा गडी थकला असन."

मी हळूच विचारलं, "मिस्त्री, मी नमुन्याचा पाट दिला होता, तो तसाच्या तसा केला ना?"

"तसाच कसा करन? तुमचा नमुना वाकडा होता. मांगचा पाय दीड बोट लांब. कोन्या अडाण्याने केलता कोन जाने! म्या दोनी पाय सारके केले." आणि मग अभिमानाने, "वाकडं काम मी गिऱ्हाईकाले देत नाई."

मी त्यांच्याशेजारी बसलो. मिस्त्रींना सगळं सांगितलं, पाट कशासाठी, मागचा पाय लांब का. पुढची कड जराशी वर का. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"अरे, मंग असं सांगाव ना, का वखराचं माप हाये!" ते ओरडलेच. "म्या जन्मभर काय केलं? पास किती उभी, किती निजली, थेच तर केलं! तू मले म्हनलं का पाट हाये. पाटाले कोनी वाकडे पाय लावते काय?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पाच वर्षं मी पोरांना सांगत होतो की कशापासून मोजताय ते पाहा, आणि ज्या लाकडाने मोजत होतो तेच मी पाहिलं नव्हतं. पाटाने पंख मोजायचा, पण पाट कोणी मोजायचा हे माझ्या डोक्यात आलंच नाही. शेडच्या मागे जाऊन मी आकडेमोड केली. दोन पायांमधलं अंतर, तीन अंशांहून थोडा कमी कोन, कोष्टकातून उत्तर काढलं आणि पट्टीवर खूण केली. मिस्त्रींनी आपलं दीड बोट त्या खुणेशी धरलं. सुताचाही फरक नव्हता.

आता खरं ते सांगतो. त्या दुपारी माझ्या मनात वाईट आलं. पटवर्धन शनिवारी जाणारच होते. नवा वैमानिक यायला चार दिवस. तेवढ्यात मिस्त्रींकडून मागच्या पायाला दीड बोटाचा तुकडा लावून घ्यायचा, सोळा वेढे उलटे फिरवायचे, पंख पुन्हा जागेवर. कोणाला काही कळणार नाही. मला नोकरीत कायम करण्याचा कागद अय्यर साहेबांच्या पेटीत सहीसाठी पडून होता. आमच्या घरात असा कागद अजून कोणाच्या नावाने आलेला नव्हता. तो मला हवा होता, फार हवा होता. मी मिस्त्रींना म्हटलं, "उद्या पाहू." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते निघून गेले.

शनिवारी सकाळी टांगा दारात उभा, होल्डॉल वर चढलेला. पटवर्धन एकेकाला नमस्कार करत होते. अय्यर साहेब वही पुढ्यात घेऊन बसले होते. तेवढ्यात स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा अशा थाटात सीताराम मिस्त्री आले आणि सरळ अय्यर साहेबांपुढे उभे राहिले.

"सायेब, माही चूक हाये. म्या पाय छाटला. त्याच्यानं पास निजली. कप्तानाच्या हाताले काई झालं नाई, थो मानूस वापस पाठवू नका."

अय्यर साहेबांना वऱ्हाडीचं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी मिस्त्रींच्या पायांकडे पाहिलं, दोन्ही शाबूत होते. मग माझ्याकडे पाहिलं. "वानखडे, क्या बोलता है ये? किसका पैर काटा?"

मिस्त्रींनीही माझ्याकडे पाहिलं. मी जे सांगेन तेच साहेबांना कळणार होतं. म्हातारा काही काम मागायला आला आहे, असं म्हटलं असतं तरी खपलं असतं. सगळं मिस्त्रींवर ढकललं असतं तरी खपलं असतं, म्हातारा स्वतःच मान पुढे करून उभा होता.

"सर," मी म्हटलं, "मिस्त्री सांगताहेत की पाटाचा पाय त्यांनी कापला. पण चूक त्यांची नाही. पाट कशासाठी आहे ते मी त्यांना सांगितलं नाही. आणि आणल्यावर तो मोजला नाही. सोळा वेढे दिले तरी मोजला नाही. कॅप्टनसाहेब पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते." हे मी हिंदीत बोललो की मराठीत, मला आठवत नाही. साहेबांना कळलं एवढं खरं.

अय्यर साहेब उठले. पाट उलटा करून दोन्ही पाय एकमेकांशेजारी धरून पाहिले. मग त्यांनी कपाळाला हात लावला, कारण त्या पाटावर विश्वास त्यांनीही ठेवला होता. वहीतलं ते वाक्य त्यांनी स्वतः खोडलं. माझा कागद पेटीतून काढला आणि सही न करताच परत ठेवला. तो पुढे दोन वर्षं तिथेच राहिला. वडिलांना मी सांगितलं की ऑफिसात शाई संपली आहे.

मिस्त्रींनी तिथेच बसून मागच्या पायाला तुकडा जोडला. मी सोळा वेढे उलटे दिले, चारही पंखांना, आणि पाट पंखावर ठेवण्याआधी तीनदा मोजला. पटवर्धन टांग्याच्या पायरीवर बसून पाहत होते. मी सही केली. कोणीतरी पोतं उचलून आणलं तेव्हा मी ते खाली ठेवायला सांगितलं आणि पुढच्या बैठकीत चढलो. मिस्त्री खालून म्हणाले, "भेव वाटत असन तं मी बसू काय?"

विमान उडालं तेव्हा मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा नाकासमोर क्षितिज होतं, सरळ, आणि खाली काळी शेतं. मी दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या होत्या. मागून पटवर्धनांनी लाकडावर ठकठक केलं. माझ्याच्याने मागे वळवत नव्हतं, तरी वळलो. पंख नेमके बसलेले असले तर शांत हवेत काठी सोडून दिली तरी विमान आपलं आपण सरळ चालतं, रिगरच्या कामाची हीच खरी परीक्षा. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. पटवर्धनांनी दोन्ही हात डोक्यावर उंच धरले होते, रिकामे, बोटं पसरलेली. चष्म्याखाली त्यांची हनुवटी हलत होती. हात जराही हलत नव्हते.

"धरा, कॅप्टनसाहेब, धरा!" मी किंचाळलो. खालून मोर्णा नदी गेली, किल्ल्याचा बुरूज गेला, बाजाराची पालं गेली, तरी त्यांनी हात खाली घेतले नाहीत.